छायाचित्रातील छाया

‘फोटोग्राफी’ या ग्रीक मुळांपासून बनलेल्या शब्दाचा अर्थ प्रकाशाने केलेले लेखन. मराठीत ‘प्रकाशचित्र’ हा शब्दही आहे. अधिक रुळला तो मात्र ‘छायाचित्र’. व्यक्तिचित्रणातील प्रकाशयोजनेचा इतिहास पाहिला की ही निवड सार्थ वाटू लागते. चेहऱ्याला घडण देते ती सावली. म्हणून दिवा कुठे ठेवावा हे शिकणे म्हणजे सावली कुठे पडू द्यावी हे शिकणे होय.

एकोणिसाव्या शतकातील स्टुडिओचा मुख्य आधार दिव्याचा नव्हता, काचेच्या छपराचा होता. युरोपातील छायाचित्रकारांनी उत्तरेचा उजेड चित्रकारांकडून घेतला. त्या दिशेने ऊन थेट आत येत नाही. उजेड मऊ आणि बराचसा एकसारखा राहतो. तो चेहऱ्याच्या एका अंगावर घ्यायचा, पडदे सरकवून कमीअधिक करायचा आणि दुसऱ्या अंगाला पांढरे कापड उभारून सावली हलकी करायची. आजचा ‘मुख्य’ आणि ‘पूरक’ प्रकाश तो हाच.

परभणी १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे ही कला लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी नावारूपाला आणली. सहाव्या निजामाने त्यांना ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढून तो केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे सोपवला. अर्थात हा उजेड उमरावांच्या घरापुरता होता. शेतात राबणाऱ्या बाईपर्यंत तो पोचला नाही.

उत्तरेच्या उजेडाचा नियमही इथे पारखून घ्यावा लागतो. परभणी सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. लंडन-पॅरिसचा नियम या दिवसांत परभणीत जसाच्या तसा चालत नाही. समीक्षेचे उसने निकष वापरताना आपणही ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

विजेचे दिवे आल्यावर छायाचित्रकार सूर्यापासून मोकळा झाला. मुख्य दिवा एका बाजूस सुमारे ४५ अंशांवर, डोळ्यांच्या पातळीहून उंच. पूरक दिवा दुसऱ्या बाजूस, मंद. तिसरा मागून, केस आणि खांदे पार्श्वभूमीपासून सुटे दिसावेत म्हणून. ही मांडणी आजही पहिल्या धड्यात शिकवली जाते. पुढे ओळखपत्रांच्या गरजेने मात्र दोन्ही बाजूंनी सारखा उजेड रूढ केला आणि सावली हा दोष ठरला. ओळख पटवण्यासाठी ते योग्यच. पण ओळख पटणे आणि माणूस कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मराठवाड्यातील कितीतरी घरांत आजीचे एकच छायाचित्र असते; बहुधा कार्डासाठी काढलेले किंवा लग्नाच्या समूहचित्रातून कापून मोठे केलेले. त्या सपाट उजेडात तिच्या सुरकुत्या पुसल्या गेल्या आहेत, आणि त्यांबरोबर तिचे आयुष्यही. ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी तिला एकदा खिडकीशी बसवावे, फ्लॅश बंद ठेवावा, जूनची दुपार असेल तर पातळ पडदा ओढावा, आणि तिच्या गालावर सावली पडू द्यावी.