केवळ ख्रिस्तच तारणारा : सुवार्तेची हाक आणि रेव्हरंड टिळक

ख्रिस्ती धर्मविचारात 'तारण' म्हणजे पापाच्या बंधनातून मुक्तता आणि देवाशी दुरावलेल्या नात्याची पुनःस्थापना. हे तारण केवळ येशू ख्रिस्ताच्या द्वारेच प्राप्त होते, अशी नव्या कराराची शिकवण आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात यरुशलेमच्या न्यायसभेपुढे उभा असलेला पेत्र ते निर्भयपणे सांगतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अखेरीस पुनरुत्थित ख्रिस्त शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा देतो. त्यामुळे सुवार्ता सांगणे हे केवळ पाळकांचे नव्हे, तर प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य मानले जाते.

मराठी मुलखात या हाकेला सर्वांत हृद्य प्रतिसाद दिला तो कवी नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी. चित्पावन ब्राह्मण कुळातील टिळकांच्या हाती १८९३ मध्ये रेल्वेप्रवासात एका सहप्रवाशाने नवा करार दिला. त्याच्या वाचनातून त्यांचे मन पालटले आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्तेष्ट दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे दोघे एकत्र आले आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी ही सारी कहाणी सांगितली आहे.

तारणारा एकच, ही टिळकांची निष्ठा अढळ होती. मात्र त्याची ओळख परक्या पेहरावात करून द्यावी, हे त्यांना मान्य नव्हते. अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करताना त्यांनी अभंग आणि कीर्तन ही सुवार्तेची साधने केली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते म्हणत. संतपरंपरा त्यांच्या लेखी ख्रिस्ताला पर्याय नव्हती, ती त्याच्याकडे नेणारी वाट होती.

१९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. ख्रिस्तावाचून तारण नाही, पण ख्रिस्ताकडे येण्यासाठी मराठीपण सोडण्याचे कारण नाही, हा त्यामागील विचार होता. टिळकांच्या निधनाने अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत टिळकांची पदे आजही गायिली जातात.