मुळांचे कुजणे : प्रस्तावना

१८७० च्या दशकात मुंबई बंदरात प्रिन्सेस डॉकची खोदाई चालू असताना निळसर चिखलाखाली एक जंगल लागले. खैराची साडेतीनशेहून अधिक झाडे होती. त्यांतली कितीतरी अजून उभी, मुळे जुन्या जमिनीत रोवलेली. समुद्राने कधीकाळी गिळलेले हे रान कुजून नाहीसे का झाले नाही? आपल्या विषयाचा दरवाजा हाच.

कुजणे म्हणजे आपोआप नासणे नव्हे. ते कोणीतरी केलेले काम असते. मुळातले सेल्युलोज पुष्कळ बुरश्या आणि जिवाणू पचवतात. लाकडाला कणखर करणारे लिग्निन मात्र मोजक्याच बुरश्यांना नीट फोडता येते, तेही प्राणवायू असेल तर. डॉकखालच्या चिकट चिखलात हवाच पोचत नव्हती. काम अडून राहिले.

उत्तरेकडच्या जंगलांत थंडी आडवी येते. स्वीडनमधल्या तळ्यांतील बेटांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या मातीत साठलेल्या कार्बनपैकी ५० ते ७० टक्के वाटा पाचोळ्याचा नव्हे, तर मुळांचा आणि त्यांच्या सोबतीने जगणाऱ्या बुरश्यांचा निघाला.

मुळे किती वेगाने कुजतात हे मोजायची एक रीत साधी आहे. वाळवून तोललेली मुळे नायलॉनच्या जाळीदार पिशव्यांत भरून पुरायची. काही महिन्यांनी एकेक पिशवी उकरून, माती झटकून, मुळे पुन्हा वाळवून तोलायची. पण जाळी फार बारीक घेतली की वाळवी बाहेर राहते, आणि आपल्याकडे वाळवीला वगळून हा हिशेब जुळत नाही.

दादर-परळला ऊब बारमाही आणि पाऊस वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर. कुजायला याहून काय हवे? पण इथे काँक्रीटखाली जिवंत मुळेच गुदमरतात, आणि चर खणताना तुटलेल्या टोकांतून बुरशी आत शिरते. बुंध्याशी लाखेसारखी चकाकणारी तपकिरी अळंबी उगवते, तोवर आतले लाकूड बरेच खाऊन झालेले असते. मग जुलैच्या वाऱ्यात झाड आडवे होते आणि शेजारी म्हणतात, ‘हिरवेगार होते की!’

असे झाड दिसले तर वाचकाने फांद्या हटवण्याआधी मुळांशी वाकावे. लाकूड फिकट, धाग्याधाग्याचे झाले असेल तर लिग्निन गेले आहे. तपकिरी होऊन त्याचे चौकोनी तुकडे पडत असतील तर सेल्युलोज. एवढे ओळखता आले की पुढची प्रकरणे जड जाणार नाहीत.