दियाब्लोस रोहोस देल मेहिको

दियाब्लोस रोहोस देल मेहिको : (स्थापना १९४०). मेक्सिको सिटी या राजधानीचा व्यावसायिक बेसबॉल संघ. ‘लिगा मेहिकाना दे बेइस्बोल’ या देशातील उन्हाळी साखळी स्पर्धेत सर्वाधिक विजेतेपदे याच संघाच्या नावावर आहेत. नावाचा अर्थ ‘मेक्सिकोचे लाल सैतान’. चाहते लाडाने ‘पिंगोस’ म्हणतात. लाल रंग आणि छातीवर मोठ्या अक्षरांत ‘मेहिको’ ही त्यांच्या गणवेशाची ओळख.

साखळी स्पर्धा संघापेक्षा पंधरा वर्षांनी जुनी. ‘फ्राय नानो’ या टोपणनावाने लिहिणारे क्रीडापत्रकार आलेहान्द्रो आगिलार रेयेस आणि एर्नेस्तो कार्मोना या दोघांनी ती १९२५ मध्ये सुरू केली. पुढे कार्मोना यांनीच साल्वादोर लुतेरोत यांना बरोबर घेऊन १९४० मध्ये हा संघ उभा केला. मेक्सिकोत मुखवटेधारी कुस्तीचा धंदा संघटित करणारे ते हेच लुतेरोत. संघाचे मूळ नाव नुसतेच ‘रोहोस’, म्हणजे लाल. हरत आलेला सामना खेचून आणण्याच्या त्यांच्या हट्टामुळे १९४२ च्या सुमारास ‘दियाब्लोस’ हे बिरुद चिकटले, अशी परंपरा सांगतात.

पहिल्या दशकातला संघ समजून घ्यायचा तर त्या वेळच्या अमेरिकेकडे पाहावे लागते. तिथल्या मुख्य लीगचे दरवाजे कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४७ पर्यंत बंद होते. मेक्सिकोत पगार बरा होता, आणि हॉटेलात किंवा खानावळीत कातडीचा रंग विचारला जात नव्हता. त्यामुळे अव्वल दर्जाचे कितीतरी कृष्णवर्णीय खेळाडू सीमा ओलांडून आले. ‘रोहोस’च्या लाल गणवेशात पिचर थिओलिक स्मिथ खेळला, तिसऱ्या बेसचा असामान्य क्षेत्ररक्षक रे डँड्रिज खेळला. बर्निस ‘वाइल्ड बिल’ राइट याने १९४३ मध्ये फलंदाजीची सरासरी, होमरन (एकाच फटक्यावर चारही बेसची फेरी) आणि मिळवून दिलेल्या धावा या तिन्ही बाबतीत स्पर्धेत पहिला क्रमांक पटकावला. त्याची सरासरी होती .३६६. बेसबॉलमधली ही सरासरी म्हणजे धावा नव्हेत. मोजणीत धरलेल्या दर हजार प्रयत्नांत बॅटर किती वेळा चेंडू मारून सुखरूप बेस गाठतो, त्याचे हे माप. तीनशे गाठणाराही चांगला समजला जातो. राइट पुढे मेक्सिकोतच स्थायिक झाला आणि आग्वासकालियेन्तेस शहरात उपाहारगृह चालवू लागला.

१९४६ मध्ये स्पर्धेचे प्रमुख होर्हे पास्केल यांनी अमेरिकी मुख्य लीगचे खेळाडू भरमसाट पैसे देऊन पळवले. तिकडच्या आयुक्तांनी त्या खेळाडूंवर पाच वर्षांची बंदी घातली. ती १९४९ मध्ये उठली. पैशाचा हा पूर ओसरला तेव्हा मेक्सिकोतले अनेक संघ डबघाईला आले होते. राजधानीचा लाल संघ तगला, पण विजेतेपद त्याला हुलकावणी देत राहिले. ते अखेर १९५६ मध्ये आले, स्थापनेनंतर सोळा वर्षांनी. तेव्हाचा मॅनेजर लासारो सालासार हा क्यूबाचा. पुढच्याच मोसमात सामना चालू असताना मेंदूतील रक्तस्रावाने तो कोसळला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला.

त्यानंतरचा मोठा खेळाडू म्हणजे अॅल पिंकस्टन. हा धिप्पाड अमेरिकी बॅटर मायदेशी मुख्य लीगमध्ये कधीच खेळला नाही. मेक्सिकोत आला तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. तरीही १९५९ ते १९६२ अशी सलग चार वर्षे तो स्पर्धेतला सर्वोत्तम सरासरीचा बॅटर ठरला. मेक्सिकोतली त्याची एकूण सरासरी .३७२ आहे.

संघाचे घर पहिल्यापासून क्वाउतेमोक मार्ग आणि विआदुक्तो हा द्रुतगती मार्ग यांच्या नाक्यावर होते. आधी तिथे ‘पार्के देल्ता’ हे जुने मैदान होते. त्याच जागेवर सामाजिक विमा संस्थेने १९५५ मध्ये ‘पार्के देल सेगुरो सोसियाल’ हे नवे स्टेडियम बांधले. त्याच वर्षी आलेहो पेराल्ता यांनी ‘तिग्रेस’ हा दुसरा राजधानीचा संघ काढला आणि त्याने पदार्पणातच विजेतेपद जिंकले. एकच शहर, एकच मैदान आणि दोन संघ, म्हणून या दोघांच्या लढतीला ‘गेर्रा सिव्हिल’, म्हणजे यादवी, हे नाव पडले. घरेच्या घरे दोन रंगांत विभागली गेली. मेक्सिकोच्या बेसबॉलमध्ये या लढतीच्या तोडीची दुसरी नाही.

१९८५ साल संघाच्या इतिहासात दोन कारणांनी येते. त्या वर्षी दियाब्लोसने आठवे विजेतेपद मिळवले. आणि १९ सप्टेंबरच्या सकाळी भूकंपाने शहराचा मध्यभाग जमीनदोस्त केला. शवागारे पुरेनात, तेव्हा ढिगाऱ्यांखालून काढलेले मृतदेह सेगुरो सोसियालच्या मैदानावर आणून हिरवळीवर ओळीने ठेवले. ते टिकावेत म्हणून बर्फाच्या लाद्या आणल्या. ज्या फाटकांतून लोक तिकीट काढून आत येत, त्याच फाटकांतून नातेवाईक आपले माणूस ओळखायला येत होते. या संघाचा इतिहास केवळ विजेतेपदांच्या यादीने का सांगता येत नाही, याचे उत्तर या मैदानात आहे.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत संघाचा दबदबा सर्वाधिक होता: १९७३, १९७४, १९७६, १९८१, १९८५, १९८७ आणि १९८८ अशी सात विजेतेपदे. बेन्हामिन ‘कानानेआ’ रेयेस हा या काळातला सर्वांत नावाजलेला मॅनेजर. मैदानावर नाव गाजले ते नेल्सन बारेरा याचे. काम्पेचे राज्यातला हा तिसऱ्या बेसचा खेळाडू ऐन उमेदीची वर्षे लाल गणवेशात खेळला. हेक्तोर एस्पिनो याचा ४५३ होमरनचा विक्रम त्याने मोडला आणि ४५५ वर तो थांबला. शेवटचे होमरन मात्र त्याने ओआहाकाच्या संघाकडून मारले. २००२ मध्ये घराच्या छपरावर काम करताना विजेचा धक्का बसून त्याचा अंत झाला.

१९९४ मध्ये संघाची मालकी बँकर आल्फ्रेदो हार्प एलू यांच्याकडे आली. त्याच वर्षी त्यांचे अपहरण झाले आणि शंभराहून अधिक दिवस ते ओलीस होते. त्याच वर्षी संघाने विजेतेपदही जिंकले. हार्प यांनी १९९६ मध्ये ओआहाकात ‘गेरेरोस’ हा दुसरा संघ काढला आणि २००९ मध्ये ओआहाकाजवळ सान बार्तोलो कोयोतेपेक येथे बेसबॉलची निवासी अकादमी सुरू केली. किशोरवयीन मुलांना तिथे खेळाबरोबर शाळाही असते. विकतच्या परदेशी खेळाडूंवर पोसलेल्या या स्पर्धेत त्यांनी केलेले हे सर्वांत टिकाऊ काम होय.

२००० मध्ये सेगुरो सोसियाल पाडले. आज तिथे ‘पार्के देल्ता’ याच नावाचा मॉल आहे. दोन्ही संघ फोरो सोल या मोटारशर्यतीच्या मार्गालगतच्या, मुख्यतः संगीत कार्यक्रमांसाठी बांधलेल्या प्रेक्षागारात गेले. तिग्रेसनी २००२ मध्ये राजधानी सोडली. ते पुएब्लाला आणि २००७ मध्ये कान्कूनला गेले. दियाब्लोस राहिले. फोरो सोलमध्ये त्यांनी २००२, २००३, २००८ आणि २०१४ ची विजेतेपदे मिळवली. पुढे फॉर्म्युला वन शर्यत परत आल्याने तीही जागा गेली, आणि २०१५ पासून चार मोसम फ्राय नानो यांच्याच नावाच्या चिमुकल्या मैदानावर काढावे लागले. एवढ्या मोठ्या शहराच्या संघाला जेमतेम काही हजार प्रेक्षकांपुढे खेळावे लागणे हा त्याचा सर्वांत खडतर काळ होता.

२३ मार्च २०१९ रोजी सॅन डिएगो पाद्रेसविरुद्धच्या सामन्याने ‘एस्तादियो आल्फ्रेदो हार्प एलू’चे उद्घाटन झाले. सुमारे २०,००० आसनांच्या या स्टेडियमचे वास्तुरचनाकार फ्रान्सिस्को गोन्सालेस पुलिदो. त्याचे पांढरे छत सैतानाच्या त्रिशूलाच्या आकाराचे आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचावर असल्याने हवा विरळ आहे. मारलेला चेंडू दूर जातो आणि पिचरने फिरवलेला चेंडू पुरेसा वळत नाही. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकी मुख्य लीगचा सामना येथे झाला, तेव्हा पाद्रेसनी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सना १६–११ असे हरवले आणि दोन्ही संघांनी मिळून ११ होमरन मारले. या मैदानावरचे धावांचे आकडे वाचताना ही उंची ध्यानात ठेवावी.

२०२४ च्या मार्चमध्ये संघाने न्यूयॉर्क यँकीजना दोन्ही मैत्रीपूर्ण सामन्यांत हरवले. नंतरच्या मोसमात लोरेन्झो बंडी याच्या मार्गदर्शनाखाली ७१ विजय आणि १९ पराभव अशी कामगिरी झाली. पूर्वाश्रमीचा यँकी रॉबिन्सन कानो याने .४३१ च्या सरासरीने फलंदाजीत पहिला क्रमांक मिळवला. अंतिम मालिकेत सुल्तानेस दे मोन्तेरे यांना हरवून संघाने दहा वर्षांचा दुष्काळ संपवला. २०२५ मध्ये चारोस दे हालिस्को यांच्यावर मात करून त्याने विजेतेपद राखले. ते त्याचे अठरावे. पाठोपाठ बारा विजेतेपदांसह तिग्रेस आहेत.