व्यवस्थापन इंटरफेस, विनापडताळणी (मोबाइल कोअर)

मोबाइल सेवेच्या कोअर म्हणजे मध्यवर्ती सॉफ्टवेअरचा कारभार पाहण्यासाठी ठेवलेले वेबपान, एपीआय किंवा पोर्ट, जे येणाऱ्याची ओळख न विचारताच त्याचा हुकूम पाळते. सीडब्ल्यूई या दोषसूचीत हा प्रकार ३०६ क्रमांकाखाली येतो.

हँडसेटची तपासणी मात्र कडक असते. सिमकार्डातील गुप्त किल्ली आणि कोअरमधली तिची प्रत जुळल्याशिवाय जोडणी मिळत नाही. ती प्रत ज्या डेटाबेसात आहे त्याचे व्यवस्थापनच उघडे असेल, तर ग्राहकाची नोंद बदलता येते, पुसताही येते. मग लालबागच्या गणेशोत्सवी गर्दीसाठी कितीही टॉवर वाढवले, तरी त्या ग्राहकाच्या फोनवर नेटवर्क येणार नाही.

या ढिलाईचे मूळ जुन्या एक्स्चेंजच्या रचनेत आहे. १ एप्रिल १९८६ पासून मुंबईचे टेलिफोन एमटीएनएलकडे आले. प्रभादेवीच्या टेलिफोन हाउससारख्या इमारतींच्या काळात यंत्राचे टर्मिनल यंत्राजवळच असे आणि पहारा फाटकावर. आतला तो आपला, हे गृहीतक तेव्हा बऱ्यापैकी चालून गेले. पुढे कोअर म्हणजे सर्व्हरवरचे सॉफ्टवेअर झाले. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी, दसऱ्याला, जिओने मुंबईत ५जीची चाचणीसेवा सुरू केली ती स्वतंत्र ५जी कोअरवर. अशा कोअरमधील घटक एकमेकांशी एचटीटीपी/२ने बोलतात; म्हणजे आतली भाषाही आता वेबचीच. गृहीतक मात्र जुनेच राहिले.

प्रयोगशाळांत लोकप्रिय असलेल्या ओपन५जीएस या मुक्त कोअरच्या वेबपानाचे सुरुवातीचे नाव व पासवर्ड त्याच्या माहितीपत्रातच छापलेले आहेत. शिकण्यासाठी ते सोयीचे. पण हीच मांडणी जशीच्या तशी सार्वजनिक पत्त्यावर नेली, तर जगजाहीर पासवर्ड हा नसल्यातच जमा. अशा वेळी लॉगमध्ये आयपी पत्ता उरतो, माणूस सापडत नाही.

व्यवस्थापनाचा ताबा परक्या हाती गेल्यास काय होते, हे २००४-०५ मध्ये ग्रीसमध्ये दिसले. व्होडाफोनच्या एक्स्चेंजमध्ये चोरून घातलेल्या सॉफ्टवेअरने पंतप्रधानांसह शंभरावर व्यक्तींचे फोन ऐकले गेले. तो प्रकार विनापडताळणीचा होता असे नव्हे; धोक्याची जात तीच.

उपाय सगळे ठाऊक असलेलेच आहेत: व्यवस्थापनाचे जाळे वेगळे, दोन्ही बाजूंची प्रमाणपत्रे, प्रत्येक अभियंत्याचे स्वतंत्र खाते. बंगळूरुच्या राष्ट्रीय दळणवळण सुरक्षा केंद्राच्या ‘इत्सार’ या दूरसंचार-सुरक्षा निकषांत व्यवस्थापन इंटरफेसची पडताळणी येते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशानुसार सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात.