उमेदवाराची निवड आणि पक्षाचे नाव : कॅलिफोर्नियातील प्राथमिक निवडणुकीचा इतिहास

लोकशाहीत प्रतिनिधी मतदार निवडतात हे खरे. परंतु मतपत्रिकेवर कोणाची नावे असावीत, हे कोणी ठरवावयाचे हा प्रश्न त्याच्या अगोदरचा आहे, आणि पुष्कळदा तोच अधिक निर्णायक ठरतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नाला प्राथमिक निवडणूक हे उत्तर देण्यात आले. सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी कायद्यानुसार मतदान घेऊन पक्षाच्या सामान्य मतदारांनीच आपला उमेदवार निवडावा, अशी ही पद्धती होय. विस्कॉन्सिनच्या मतदारांनी १९०४ मध्ये अशा कायद्यास संमती दिली आणि लवकरच इतर अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. त्यांपैकी कॅलिफोर्नियाने या पद्धतीचे जितके निरनिराळे प्रयोग केले, तितके क्वचितच दुसऱ्या राज्याने केले असतील. उमेदवार निवडण्याचा अधिकार मतदारास देणे एवढ्याने काम भागते, की निवड करताना त्याला काय ठाऊक असते हेही तितकेच महत्त्वाचे आहे, या प्रश्नाचा विचार करण्यास हा इतिहास विशेष उपयोगी आहे.

कॅलिफोर्नियात १९०९ पूर्वी उमेदवारी पक्षपरिषदांत ठरत असे आणि त्या परिषदांवर सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीचा मोठा पगडा होता. १९०९ च्या कायद्याने प्रत्यक्ष प्राथमिक निवडणूक आली. पुढच्याच वर्षी तिच्या द्वारे रिपब्लिकन उमेदवारी मिळवून, रेल्वेच्या वर्चस्वाविरुद्ध प्रचार करणारे हायरम जॉन्सन गव्हर्नर झाले. १९१२ मध्ये जॉन्सन हे थिओडोर रूझवेल्ट यांच्यासह प्रोग्रेसिव्ह पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. त्यांचे बहुतेक अनुयायी मूळचे रिपब्लिकन असल्यामुळे नव्या पक्षात जाताना जुन्या पक्षातील मतदार हातचे जाऊ नयेत, ही त्यांची अडचण होती. १९१३ च्या कायद्याने ती दूर केली. एका पक्षाचा म्हणून नोंदलेला उमेदवार दुसऱ्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतही उभा राहू शकेल, अशी मुभा त्यात होती. यालाच ‘क्रॉस-फायलिंग’ म्हणत. या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की मतदाराला आपल्या नोंदणीच्या पक्षाचीच मतपत्रिका मिळे. पक्षाची सीमा ओलांडण्याचे स्वातंत्र्य फक्त उमेदवाराला होते.

स्वतःच्या पक्षात पराभूत झालेल्याला दुसऱ्या पक्षाची उमेदवारी घेता येऊ नये, अशी अट पुढे घालण्यात आली. तिचा परिणाम १९१८ मध्ये दिसला. सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर जेम्स रॉल्फ हे रिपब्लिकन. गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणूक त्यांनी जिंकली, पण रिपब्लिकन निवडणुकीत ते हरले आणि त्यामुळे अपात्र ठरले. डेमोक्रॅटिक पक्ष मात्र अधिकृत उमेदवाराविना राहिला.

या पद्धतीचा खरा प्रभाव राज्याच्या विधिमंडळात जाणवला. विद्यमान सदस्याचे नाव मतदारांच्या परिचयाचे असे. तो दोन्ही पक्षांच्या प्राथमिक निवडणुकांत उभा राही आणि दोन्ही जिंकल्यास नोव्हेंबरात त्याला कोणी महत्त्वाचा प्रतिस्पर्धीच उरत नसे. असेंब्लीच्या व सिनेटच्या कित्येक जागांचा निकाल अशा रीतीने प्राथमिक निवडणुकीतच लागे. मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव आणि व्यवसाय किंवा पद असे. त्याचा पक्ष नसे. परिणामी आपल्या पक्षाच्या मतपत्रिकेवर ज्याला आपण मत देत आहोत तो वस्तुतः प्रतिपक्षाचा आहे, हे असंख्य मतदारांना कळतही नसे. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून राज्यात डेमोक्रॅटिक मतदारांची नोंदणी अधिक होती. तरीही विधिमंडळ बहुतेक काळ रिपब्लिकनांच्या हाती राहिले. याचे श्रेय केवळ क्रॉस-फायलिंगला देणे योग्य होणार नाही. १९२६ च्या घटनादुरुस्तीमुळे सिनेटच्या जागा परगण्यांच्या आधारे वाटल्या गेल्या होत्या आणि लॉस एंजेलिससारख्या प्रचंड परगण्यालाही एकच सिनेटर मिळे. शिवाय प्रमुख वृत्तपत्रे रिपब्लिकन घराण्यांच्या मालकीची होती. पक्षाचे नाव लपलेले असताना वृत्तपत्राच्या शिफारशीचे वजन साहजिकच वाढे.

पक्ष दुर्बल झाले म्हणून सत्ता मतदाराकडे गेली, असेही घडले नाही. पक्षाचा आधार नसलेल्या उमेदवाराला निवडणुकीचा खर्च दुसरीकडून मिळवावा लागे. मद्यव्यवसायादी हितसंबंधांचे प्रतिनिधी आर्थर सॅमिश यांनी हीच उणीव हेरली. कोणत्याही अधिकारपदावर नसताना विधिमंडळावर त्यांचा किती प्रभाव होता, हे १९४९ मध्ये ‘कॉलियर्स’ साप्ताहिकाने उघडकीस आणले. ज्या कायद्यांच्या मुळाशी रेल्वे कंपनीची पकड मोडण्याची प्रेरणा होती, त्यांच्याच छायेत दुसऱ्या हितसंबंधांना वाव मिळाला.

या पद्धतीच्या समर्थकांची बाजूही उपेक्षणीय नव्हती. अर्ल वॉरन यांनी १९४६ मध्ये दोन्ही पक्षांची उमेदवारी मिळविली. पक्षाभिनिवेशापासून अलिप्त, मध्यममार्गी कारभाराला ही पद्धती पोषक आहे, असा दावा त्यांच्या उदाहरणावरून करता येत असे. तथापि १९५२ च्या नोव्हेंबरात दोन प्रस्ताव मतदारांपुढे आले. क्रॉस-फायलिंग सर्वस्वी रद्द करण्याचा प्रस्ताव थोडक्या मतांनी फेटाळला गेला. उमेदवाराचा पक्ष मतपत्रिकेवर छापावा, हा प्रस्ताव मात्र संमत झाला. १९५४ पासून तो अंमलात आला. दरम्यान १९५३ मध्ये ‘कॅलिफोर्निया डेमोक्रॅटिक कौन्सिल’ स्थापन झाली. मते फुटू नयेत म्हणून प्राथमिक निवडणुकीपूर्वीच एका उमेदवारास पाठिंबा जाहीर करणे, हे या स्वयंसेवी संघटनेचे मुख्य कार्य होते. पुढच्या दाराने घालविलेली पक्षपरिषद ही अशी मागल्या दाराने परत आली. १९५८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला गव्हर्नरपद व दोन्ही सभागृहांत बहुमत मिळाले. रिपब्लिकन नेत्यांतील कलहही त्यास कारण होता. पण पक्षाच्या नावाच्या छपाईने त्यापूर्वीच वाट मोकळी केली होती. १९५९ मध्ये क्रॉस-फायलिंग संपुष्टात आले.

तथापि मूळ प्रश्न मिटला नव्हता. १९९६ मध्ये मतदारांनी संमत केलेल्या प्रस्ताव १९८ ने सीमा ओलांडण्याचे स्वातंत्र्य मतदाराला दिले : नोंदणी कोणत्याही पक्षात असो, प्रत्येक पदासाठी कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला मत देता येऊ लागले. आपला उमेदवार परक्यांकडून निवडला जाणे हा पक्षाच्या संघटनस्वातंत्र्याचा भंग आहे, असे ठरवून संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ही योजना रद्द केली. त्यावर २०१० च्या प्रस्ताव १४ ने ती सीमाच पुसून टाकली. सर्व उमेदवारांची एकत्र प्राथमिक निवडणूक होते आणि पहिले दोघे, प्रसंगी एकाच पक्षाचे असले तरी, अंतिम निवडणुकीस उभे राहतात. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव असते. परंतु ती उमेदवाराने स्वतः सांगितलेली पसंती असते, पक्षाने दिलेली उमेदवारी नव्हे.

भारतीय अभ्यासकाला हा इतिहास परका वाटण्याचे कारण उघड आहे. येथील पक्ष ‘तिकीट’ देतात आणि ते कोणी कसे द्यावे, याविषयी निवडणूक-कायदा बहुतांशी मौन बाळगतो. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसने वर्धा व लातूर यांसह मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार निवडून पाहिले. तो प्रयोग रुजला नाही. अशा सुधारणेचा विचार करताना कॅलिफोर्नियाचा १९१३ ते १९५९ हा कालखंड ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तेथे मतदाराला उमेदवार निवडण्याचा अधिकार पूर्णपणे मिळाला होता. उमेदवार कोणाचा आहे हे जाणण्याचे साधन मात्र त्याच्या हाती नव्हते. ती उणीव वृत्तपत्रांनी, विद्यमान सदस्यांनी व हितसंबंधी मध्यस्थांनी आपापल्या सोयीने भरून काढली. मतपत्रिकेवर एक शब्द अधिक छापणे ही बाब वरवर क्षुल्लक. परंतु चाळीस वर्षांच्या अनुभवानंतर कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ती मागून घेतली.