तळेगावचा पैसा

1779 च्या जानेवारीत बोरघाट चढून पुण्याकडे निघालेली इंग्रजांची फौज तळेगावास येऊन ठेपली, तेव्हा मराठ्यांनी गाव जाळून आणि दाणावैरण नाहीशी करून तिच्यापुढे केवळ राख ठेवली होती. आणि 11 तारखेच्या रात्री पुण्याचा नाद सोडून ती माघारी वळली, तेव्हा ओढून नेणे अशक्य झालेल्या आपल्या जड तोफा तिने तेथल्याच तळ्यात लोटून दिल्या. ही माघार ज्यात संपली त्या वडगावच्या तहाची हकिकत मराठी माणसाला तोंडपाठ असते, व ती सांगताना त्याचा आवाज चढतो. परंतु त्या विजयासाठी जे गाव जाळावे लागले, त्या गावाच्या जमाखर्चात ती रात्र जमेस धरावयाची की खर्ची टाकावयाची, हे सहसा कोणी विचारीत नाही. घाटमाथ्यावरील राजमार्गास लागून वसणे हे गावाचे भाग्य, असे आपण समजतो. पण राजमार्गावरून व्यापारी जातो तसा लष्कराचा तळही जातो, आणि व्यापाऱ्याचा माल व लष्कराची लूट या दोहोंचा स्वभाव एकच, की ती तेथे थांबत नाहीत.

काही देश व प्रांत पिढ्यान्‌पिढ्या दरिद्री का राहतात, या प्रश्नाला पंडितांनी नाना उत्तरे दिली आहेत. अठराव्या शतकातील मोंतेस्क्यू या फ्रेंच ग्रंथकाराने उष्ण हवेवर ठपका ठेवला. आमच्याकडच्या गोऱ्या अंमलदारांनी रयतेच्या उधळेपणावर व दैववादावर ठेवला. आणि आपल्यातल्या शिकलेल्या मंडळींनी ते मत, अंगाला नीट बसत नसतानाही, मागून आणलेल्या कोटाप्रमाणे कित्येक वर्षे वापरले. या उत्तरांची मला अडचण वाटते ती तळेगावामुळे. येथली हवा तीनशे वर्षांत पालटलेली नाही, इंद्रायणी आपल्या पात्रातूनच वाहते आहे, आणि मावळातला माणूस पूर्वी कष्टाळू होता व मधल्या काळात आळशी झाला, असेही कोणी म्हणणार नाही. तरीही या गावावरून संपत्तीचे लोट आले आणि गेले. तेव्हा संपत्ती का आली नाही, यापेक्षा ती का राहिली नाही, हे शोधणे मला अधिक फलदायी वाटते.

पहिला लोट गुजराथेतून आला. तळेगावच्या खंडेराव दाभाडे यांस शाहू महाराजांनी 1717 साली सेनापतिपद दिले, आणि गुजराथेवरील चौथ-सरदेशमुखीच्या वसुलाचा ओघ तळेगावाकडे वळला. सुरत-भडोच या बंदरांचा, कापसाच्या व नीलीच्या मुलखाचा तो वसूल. त्याचे काय झाले? फौजेच्या तनख्यात गेला, देवालयांत गेला, सप्तशृंगीच्या गडाला खंडेरावांच्या पत्नी उमाबाई यांनी बांधविलेल्या पायऱ्यांत गेला, आणि श्रावणमासी तळेगावास जमणाऱ्या विद्वान ब्राह्मणांच्या दक्षिणेत गेला. 1731 च्या एप्रिलमध्ये डभईच्या रणांगणावर खंडेरावांचे पुत्र सेनापती त्र्यंबकराव बाजीराव पेशव्याच्या फौजेशी लढताना पडले. त्यानंतर ही दक्षिणा वाटण्याचा मान पेशव्यांनी पुण्यास नेला. म्हणजे सरंजामाच्या आधी सरंजामाचे पुण्य गावातून गेले.

या दक्षिणेची पुढची वाट मोठी विलक्षण आहे, म्हणून विषय थोडा बाजूला ठेवून ती सांगतो. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने दक्षिणेची रक्कम एकदम बंद न करता तिचा काही भाग 1821 साली विश्रामबागवाड्यात काढलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविला. 1849 साली पुण्यातील सुधारकांनी, ही दक्षिणा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस द्यावी, असा अर्ज सरकारास केला आणि त्यावरून शहरात मोठी खळबळ उडाली. पुढे तिच्यातूनच ग्रंथांना पारितोषिके आणि विद्यार्थ्यांना वेतने मिळू लागली. महादेव गोविंद रानडे हे दक्षिणा फेलोच होते. ज्या रानड्यांनी 1890 साली पुण्यास औद्योगिक परिषद भरविली, आणि हा देश इंग्लंडच्या कारखान्यांसाठी कच्चा माल पिकविणारा मळा होऊन बसला आहे, हे दुखणे ज्यांनी नेमके ओळखले, त्यांच्या विद्याभ्यासाच्या वेतनाचे मूळ असे गुजराथच्या चौथाईत आणि तळेगावच्या श्रावणात निघते. मात्र ते बीज रुजले पुण्यास. तळेगावास त्याची सावलीही पडली नाही.

सेनापतींच्या हाताखालचे सरदार गायकवाड. खेड तालुक्यातील दावडीशी, म्हणजे चाकणच्या शेजाराशी, या घराण्याचे जुने नाते. त्यातल्या पिलाजीने सोनगडास ठाणे केले. 1751 साली त्याचा मुलगा दमाजी यास पेशव्यांनी कैद केले, आणि सुटकेच्या बोलीत गुजराथचा अर्धा वाटा लिहून घेतला. परंतु उरलेला अर्धा गायकवाडांनी स्वतःच्या नावाने राखला. दोन वर्षांनी उमाबाई निवर्तल्या. धनी गावी राहिला आणि दप्तरात उरला; चाकर मुलखात राहिला आणि राजा झाला. यातले मर्म असे, की दाभाड्यांनी गुजराथचा वसूल तळेगावास आणला, तर गायकवाड वसुलापाशीच जाऊन वसले.

त्याचे फळ दीडशे वर्षांनी दिसले. सयाजीराव महाराजांनी बडोद्यास 1890 साली कलाभवन काढून कारागिरीचे शिक्षण सुरू केले, 1906 साली प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे व मोफत केले, आणि 1908 च्या जुलैत बँक ऑफ बडोदा स्थापन केली. त्याच जुलैत, दोनच दिवसांच्या अंतराने, मुंबईच्या हायकोर्टात टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली; आणि त्याच 1908 साली तळेगावास पैसा फंडाचा काचेचा कारखाना सुरू झाला. एकाच सरंजामाच्या दोन शाखा: एकीच्या हाती राज्याचा खजिना, दुसरीच्या गावात लोकांपुढे फिरणारी पेटी.

ही पेटी अंताजी दामोदर काळे यांनी फिरविली. कल्पना इतकी साधी की प्रथम लोकांनी तिची चेष्टा केली: प्रत्येकाने देशी उद्योगासाठी वर्षाला एक पैसा द्यावा. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे. एक कोटी माणसांनी खरोखरच एकेक पैसा टाकला असता, तर वर्षाला 1,56,250 रुपये जमले असते. हा हिशेब पाटीवर मांडावयास सोपा, परंतु कोटी घरांच्या उंबऱ्याशी जाऊन तो वसूल करणे किती अवघड, हे पेटी घेऊन उन्हातान्हात हिंडणाऱ्यांनाच ठाऊक. ज्या सरकारच्या हाती जमाबंदीचे सारे यंत्र होते, त्याने काच, साखर वा कापड यांच्यासाठी एक पैसाही राखून ठेवला नाही. उलट 1896 साली मँचेस्टरची समजूत पटावी म्हणून देशी गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसविली. ज्याच्या पाठीशी सरकार नाही, त्या उद्योगाला स्वतःच आधी एक लहानसे सरकार होऊन वसूल करावा लागतो. पैसा फंड हे तसे सरकार होते, शिपाई आणि सनद यांवाचून चाललेले.

जपान व अमेरिका येथे काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखाली भट्टी पेटली. काचेच्या भट्टीचा स्वभाव मोठा हट्टी असतो. चूल विझवून आपण निजतो तशी ती विझविता येत नाही. रस आळला की घडा फुटतो आणि मागचा सारा खर्च मातीस मिळतो, म्हणून रात्रंदिवस तिच्यात कोळसा टाकीत राहावे लागते. कारागीर लांब पोकळ लोखंडी नळीच्या टोकाला तांबडालाल रस गुंडाळून घेतो, नळी फिरवीत फिरवीत दुसऱ्या टोकाने हळूच फुंकतो, आणि तो गोळा साच्यात शिरून पेला किंवा दिव्याची काच होऊन बाहेर येतो. फुंकर थोडी जोरात गेली की कपची, थोडी कमी पडली की जाड, गाठाळ, कोणी न घेण्याजोगी वस्तू. हे शिकवून येत नाही. पाहून, हात पोळून येते. म्हणून तळेगावच्या कारखान्याचे खरे उत्पन्न काचेपेक्षा माणसे हेच होते. येथे शिकून गेलेल्यांनी देशात ठिकठिकाणी भट्ट्या घातल्या, आणि पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-जर्मनीची काच येईनाशी झाली तेव्हा ही माणसे कामी आली.

परंतु येथेही जुनाच न्याय आडवा आला: शिकणे तळेगावास आणि वसणे अन्यत्र. त्याच गावी विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय चालले होते. मुलांस स्वदेशी शिक्षण देणारे ते विद्यालय सरकारने 1910 साली बंद पाडले. शेजारी कारखाना आणि शाळा असावी, एकाने दुसऱ्यास माणसे पुरवावीत, हा बेत असा मुळातच खुडला गेला. याच सुमारास औंधाकडे पाहावे. लहानसे संस्थान, उत्पन्न बेताचे. परंतु तेथल्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, लक्ष्मणराव किर्लोस्करांस कुंडलजवळ माळरान व भांडवल दिले आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. 1916 साली ओगले बंधूंचा काचकारखाना कऱ्हाडशेजारी निघाला. निवडुंगाच्या माळावर वसाहत होते आणि रेल्वेच्या कडेला असलेल्या जुन्या गावात ती खुरटते, याचा उलगडा हवामानाने होणार नाही. संस्थान म्हटले की उद्योग आलाच, असे मात्र कोणी समजू नये; निजामाच्या मराठवाड्यात संस्थानही होते आणि काळी कसदार जमीनही, तरी तेथल्या कापसाचे सूत दुसरीकडेच निघत राहिले. राजा आपला असून भागत नाही. त्याला रयतेच्या हातातील कसबाची किंमत कळावी लागते.

रेल्वेचेही तसेच. खंडाळा-पुणे लोहमार्ग 1858 साली आणि घाटातला चढ 1863 साली खुला झाला, तेव्हा मावळ मुंबईच्या जवळ आले खरे. परंतु जवळ येणे म्हणजे वाढणे नव्हे. पूर्वी घाटातून बैलांचे तांडे माल वाहत, आणि वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामास वैरण, मजुरी, नालबंदी यांचे चार पैसे पडत. आगगाडीस मुक्कामाची गरज नव्हती.

या साऱ्यात मला सर्वांत बोलकी वाटते ती पाण्याची गोष्ट. लोणावळ्याच्या अंगास दीडशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. निसर्गाने ते पाणी पूर्वेकडे, इंद्रायणीवाटे भीमेस देऊ केलेले. टाटांच्या कंपन्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत ते अडविले आणि घाटाच्या कड्यावरून पश्चिमेस खाली सोडले. 1915 साली खोपोलीस आणि 1922 साली भिवपुरीस वीज निघू लागली, ती मुंबईच्या गिरण्यांसाठी व ट्रामगाड्यांसाठी. आंदर मावळातली भाताची खाचरे ठोकरवाडीच्या जलाशयाखाली गेली. मुळशीच्या मावळ्यांनी 1921 साली सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली जो सत्याग्रह केला, तो याच व्यवहाराविरुद्ध होता, पण तो फसला. टाटांचे धाडस मी कमी लेखीत नाही. त्या काळात देशी भांडवलावर असे काम उभारणे हा पराक्रमच होता. परंतु त्यापायी आंदर मावळची जमीन गेली आणि उजेड मुंबईस मिळाला, हेही तितकेच खरे. आणि ज्यांच्या रानावरचे पाणी मुंबईचे दिवे पेटवीत होते, ते डोंगराआडचे लोक रॉकेलच्या दिव्याची काजळी रोज राखेने पुसून काढीत होते.

पुढचा अध्याय वाचकाच्या डोळ्यांसमोरचा आहे, म्हणून थोडक्यात आटोपतो. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पिंपरी, भोसरी, चाकण, तळेगाव असा कारखान्यांचा पट्टा पसरत गेला. या वेळी सरकारने जमीन, रस्ता, पाणी व वीज पुरविली. जे पैसा फंडास कधी मिळाले नाही ते सारे दिले. आणि फळ आले. पण मूळ प्रश्न सुटला असे मला वाटत नाही. जनरल मोटर्सने तळेगावास 2008 साली मोटारींचा कारखाना काढला, 2020 च्या डिसेंबरात त्यातले उत्पादन थांबविले, आणि पुढे तो ह्युंदाईच्या हवाली झाला. निर्णय कोठे झाला हे तळेगावच्या कामगारास वर्तमानपत्रातूनच कळावयाचे. 2022 साली अर्धवाहकांचा मोठा प्रकल्प तळेगावास येणार अशी बोलणी चालली असता तो गुजराथेस गेला, आणि राज्यभर आरडाओरड झाली. वर्षभरात त्यातील परदेशी भागीदारानेच अंग काढून घेतले. गुजराथचा वसूल एके काळी तळेगावास येत होता, आता उलटा गेला, एवढ्यावर ज्यांना हसू किंवा रडू येते त्यांनी खुशाल हसावे-रडावे. मला विचारावेसे वाटते ते इतकेच, की तो आला असता तर त्यातला किती अंश तळेगावात राहिला असता: कसब म्हणून, शाळा म्हणून, गावच्या माणसाने स्वतः काढलेला छोटा कारखाना म्हणून? मावळात जमीन विकून आलेल्या पैशाचे बंगले पुष्कळ दिसतात. भट्ट्या फार थोड्या.

काळ्यांची पेटी आता कोणी फिरवीत नाही. ठोकरवाडीचे पाणी मात्र आजही घाट उतरून भिवपुरीसच जाते.