देवळालीचा ताप

आमच्या कुरवंड्याच्या नागफणीला साहेबाने ‘ड्यूक्स नोज’ करून टाकले. नाशिकजवळच्या देवळालीचे तर त्याने विशेषणच केले! ‘डूलॅली’ म्हणजे खुळा, डोके फिरलेला.

१८६१ पासून तिथे इंग्रजांची लष्करी छावणी. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे थांबत. बोटी साधारण हिवाळ्यातच सुटत. हंगाम हुकला की उन्हाळा-पावसाळा तिथेच. हाताला काम नाही, वर हिवताप आणि दारू. काहींची डोकी खरेच फिरली. सोबत्यांनी त्याचीही थट्टा केली; मला मात्र त्या घराकडे डोळे लावून बसलेल्या पोरांची कीवच येते. ते म्हणत, याला ‘डूलॅली टॅप’ झालाय. टॅप म्हणजे आपला तापच बरं का! पुढे इंग्रजीतून ताप उतरला, देवळाली तेवढी राहिली.